रेषेची जाडी

एकतीस वर्षं मी ट्रेसिंग कागदावर हद्दी आखल्या,
बेलापूरच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर.
रेघ, टिंब, रेघ, टिंब.
रेषेला जाडी नसते, असं आम्हाला शिकवलेलं.
शाई फुटली तर ब्लेडने खरवडायची.

मग सोसायटीची मागची भिंत, पारसिक टेकडीकडची,
एका रात्री कूस बदलावी तशी आडवी झाली.
खजिनदार सलढाणांनी कोटेशन आणलं:
चार लाख ऐंशी हजार, वर काटेरी तार.
मी म्हटलं, तीन वर्षं द्या
आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या.
सभेत कोणीतरी हसलं. पिशव्या मात्र आल्या,
धुतलेल्या, न धुतलेल्या.

करवंदं घेतली यमी मुकणेकडून,
मे महिन्यात ती स्टेशनच्या जिन्याखाली बसते.
पिचलेली, रस गळणारी मागितली तर म्हणाली,
"शेळीला का?"
पेरायला, म्हटल्यावर पाटी गुडघ्यावरून खाली ठेवली.
"लांब लांब नको लावू, बाय.
भांडूदे त्यांना. भांडली तरच दाट व्हतील."

अडुळसा कांडीने लागला, शेळी त्याला तोंड लावत नाही.
कुंती दुसऱ्या वर्षी फुलली.
माकडलिंबू काट्यांसकटच वर आलं.
अंजनी तेवढी रुसून बसली,
वर्षभरात चार बोटं.
तिचं लाकूड लोखंडासारखं, म्हणतात.
लोखंडाला कसली घाई.

दर रविवारी सलढाणा पाहून जायचे, हात मागे बांधून.
"ड्युरांटा लावली असती तर आतापर्यंत
पिवळीधमक बॉर्डर झाली असती."
खरं होतं ते.
मी पाणी घालत राहिले.

चौथ्या पावसाळ्यानंतर माकडलिंबाची पानं शिरांपुरती उरली.
तक्रारवहीत कोणीतरी लिहिलं:
कुंपण आजारी आहे, फवारणी करावी.
कुंपणच शेत खातं, हे लहानपणापासून ऐकलेलं.
कुंपणाला कोण खातं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

बॅटरी घेऊन गेलो आम्ही दोघं.
पाखराची शीट वाटावी असा एकेक सुरवंट,
हात लावला की मानेमागून लाल शिंगं काढणारा.
सलढाणांनी मोजले. एकेचाळीस.
दुसऱ्या दिवशी एकोणतीस.
"बारा कुठे गेले?"
वरच्या फांदीवर बुलबुल चोच पुसत होता.
खजिनदार माणूस, रक्कम जुळल्याशिवाय झोप नाही.
आठवडाभर हिशेब मांडला पावतीपुस्तकाच्या पाठीवर,
बुलबुलाच्या नावे इतके, शिंप्याच्या नावे इतके.
फवारणीचा विषय पुढच्या सभेत आलाच नाही.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात.
आमचा सरडा कुंपणातच राहतो,
त्याला कुठे जायचंच नाही.
खाली, करवंदीच्या बुडाशी, ताटलीएवढं भोक आहे.
मुंगसाचं.
बुजवा, असे दोन अर्ज आले.
दोन्हींवर मी लिहिलं, नोंद घेतली.

आणि या फाल्गुनात, आठव्या वर्षी, अंजनी फुलली.
फांदीला चिकटून, गाठीगाठीशी,
शाई फुटावी तशी निळी.

त्याच आठवड्यात रीडेव्हलपमेंटचा पोरगा आला,
हातात लेझरची डबी.
"मॅडम, हद्द कुठे धरू?
झाडांच्या आतून की बाहेरून?"
एकतीस वर्षं याचंच उत्तर देत होते मी.

त्याने लाल ठिपका पानांवर टेकवला.
वारा असून नसल्यासारखा.
चार पॉइंट एक दोन.
चार पॉइंट तीन एक.
तीन पॉइंट नऊ सात.
त्याने काच शर्टाला पुसली, पुन्हा नेम धरला.
आत काहीतरी सरकलं
आणि आकडा परत बदलला.